मुंबई किती लांब? यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, भरतीचे फॉर्म आणि रेल्वेची तिकिटं ही रोजची कामं. मुंबईचं तिकीट काढायला आलेला माणूस तिकिटाआधी दहा प्रश्न विचारतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून ठेवली. प्रश्न लोकांच्या बोलीतच ठेवले आहेत.

"भाऊ, मुंबई किती किलोमीटर हाय?"

कुठून कुठे मोजता त्यावर आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली तर बाभुळगाव ते मुंबई सुमारे ५८० किलोमीटर भरतं. तशी रेघ फक्त पाखरांच्या कामाची. धामणगाव रेल्वे या आपल्या जवळच्या स्टेशनवरून मुंबईपर्यंत रुळानं सुमारे ७१० किलोमीटर, आणि नागपूरहून सीएसएमटीपर्यंत ८३७. रस्त्यानं समृद्धी महामार्ग धरला तर आपल्या घरापासून परळपर्यंत, म्हणजे टाटा हॉस्पिटलपर्यंत, ६७०-६८० च्या घरात जातं.

पेपरात, भाषणात, जाहिरातीत दिसतो तो आकडा नागपूर-मुंबईचा असतो. आपण नागपुरात राहत नाही. आपलं अंतर गावाच्या पारापासून सुरू होतं, मग फाटा, मग धामणगाव. हे पहिले तीस किलोमीटर कोणी मोजत नाही आणि गाडी चुकते ती बहुतेक वेळा त्यातच.

"मंग येळ किती लागते?"

गाडीत बसल्यापासून बारा तास. घरातून निघाल्यापासून सतरा.

हिशेब मांडून दाखवतो. माझं गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे. विदर्भ एक्स्प्रेस धामणगावला दिवेलागणीच्या सुमारास येते. मी घरून तीनला निघतो. फाट्यावर एसटी किंवा काळी-पिवळी मिळेपर्यंत अर्धा तास, कधी पाऊण. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, तिला कितीही 'गाडी चुकते' म्हणा. धामणगाव गाठेस्तोवर पाच होतात. स्टेशनवर दीड-दोन तास बसायचं, रात्रभर प्रवास, सकाळी सहा-साडेसहाला दादर. तिथून दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या दारात आठ.

आता एकदा मी शहाणपणा केला होता. स्टेशनवर दोन तास कशाला बसायचं म्हणून घरून साडेचारला निघालो. एसटी वाटेत पंक्चर झाली. मागून आलेल्या ऑटोवाल्यानं माझं तोंड पाहूनच भाव सांगितला, तोही दिला, आणि प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. त्या दिवसापासून स्टेशनवरचे दोन तास मी प्रवासातच धरतो.

"धामणगावाहून जावं, का बडनेऱ्याहून, का वर्ध्याहून?"

धामणगाव. आपल्या तालुक्याला तेच जवळ. विदर्भ आणि सेवाग्राम या दोन गाड्यांवर आपल्या भागाचा मुंबईचा बहुतेक भार आहे. तरी तिकीट काढताना थांबा आणि वेळ तपासून घ्या, रेल्वे दोन्ही बदलत असते.

मोठ्या गाड्या धामणगावला थांबत नाहीत. नागपूर-मुंबई दुरांतो तर आपल्या समोरून शिट्टी मारत जाते. ती नागपूरहून साडेअकरा तासांच्या आसपास घेते. तिच्यासाठी आधी उलटं नागपूरला जायचं, म्हणजे वाचवलेले दोन-तीन तास जायच्या वाटेतच खर्च झाले. हावड्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी बडनेरा किंवा वर्धा गाठावं लागतं. त्या गाड्या अर्ध्या देशातून येतात, वाटेत कुठे अडकल्या की आपल्याकडे उशिरा उगवतात. गोंदिया-नागपूरहून सुटणाऱ्या गाड्यांना आपल्यापर्यंत येईस्तोवर उशीर करायला फारशी जागाच नसते.

"कळंबले रेल्वे आली ना आता?"

आली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पण मुंबईसाठी आपल्याला त्याचा उपयोग कमी. मुंबई पश्चिमेला आणि कळंबची गाडी तोंड करून उभी वर्ध्याकडे, म्हणजे पूर्वेला. आधी मागे जा, मग पुढे या. वर्धा, सेवाग्राम, नागपूरच्या दवाखान्याला जाणाऱ्यांसाठी ती चांगली आहे.

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आजोबांनी सांगितली असेल. तिचे डबे बंद पडले, तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

"रात्रभर गाडी पयते, तरी बारा तास काहून लागतात?"

हा प्रश्न मला आवडतो, म्हणून उत्तर लांबणार.

अंतराला तास लावून पाहा. ७१० किलोमीटर, बारा तास. म्हणजे तासाला साठच्या जवळपास. मोकळ्या रुळावर गाडी याच्या दुपटीच्या आसपास पळू शकते. वेळ जातो थांब्यांत आणि शेवटच्या दीडशे किलोमीटरमध्ये. धामणगाव ते भुसावळ सपाट काळी जमीन आहे, कपाशी, तूर, मध्येच संत्र्याचे बगीचे. भुसावळनंतर खानदेश, मग मनमाड, नाशिकरोड. इगतपुरीला गाडी थांबते आणि लोक झोपेतच विचारतात, आलं का?

आलं नाही. इथून सह्याद्री उतरायचा असतो. इगतपुरी ते कसारा अंतर जेमतेम सोळा किलोमीटर, पण उतार ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र उतार. वर थांबून ब्रेक तपासतात, मग गाडी सावकाश सोडतात. येताना उलट. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, ती ढकलत वर इगतपुरीला आणून सोडतात. परतीच्या प्रवासात कसाऱ्याला मागून हलका धक्का बसला तर घाबरू नका, ते हेच. पूर्वी मुंबईकडचा विजेचा दाब वेगळा होता, त्यामुळे इगतपुरीला इंजिनही बदलत. जुनी माणसं अजून 'इगतपुरीले इंजन बदलते' म्हणतात. आता ते राहिलं नाही, थांबा मात्र राहिला.

हा घाट १८६५ मध्ये रेल्वेनं पार केला आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. इंग्रजांना घाई आपल्या मुंबई दर्शनाची नव्हती, वऱ्हाडातला कापूस बंदरावर न्यायचा होता. धामणगावचं स्टेशन त्याच वाटेवरचं. कापसाची गाठ आपल्यापेक्षा आधीपासून मुंबईला जाते आहे.

घाट उतरल्यावर कसाऱ्यापासून लोकलचं राज्य सुरू होतं. सकाळी सहा ते दहा त्याच रुळांवर लोकलची गर्दी असते. आपली गाडी उशिरानं आली तर कल्याणपासून पुढे बैलगाडीसारखी चालते. कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर आहे, त्याला कधी दोन तास लागलेले पाहिले आहेत.

"समृद्धीनं आठ तासात जाते म्हणतात, खरं हाय काय?"

नागपूर ते मुंबई आठ तास ही सांगण्यातली गोष्ट अगदी खोटी नाही, पण पुरी खरीही नाही. महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. आमणे म्हणजे मुंबई नव्हे, ते भिवंडीजवळ आहे. तिथून परळ पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या गर्दीत त्याला दीड तास लागला तर नशीब चांगलं म्हणायचं.

आपण धामणगावच्या इंटरचेंजवरून चढतो. तिथून आमणे सहाशेच्या आसपास. कारला १२० ची मर्यादा आहे, तरी चहा, लघवी, डिझेल धरून सरासरी ९० च्या वर जात नाही. म्हणजे आमणेपर्यंत सात तास, पुढे दीड-दोन, आणि घर ते इंटरचेंज पाऊण तास. घर ते परळ नऊ-दहा तास धरा. रेल्वेच्या सतराच्या मानानं हे मोठंच कमी आहे, यात वाद नाही. इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागला की कसारा घाटाची वळणं आठवून बरं वाटतं.

दोन गोष्टी मात्र ऐकून घ्या. फटफटी, ऑटो, ट्रॅक्टर यांना समृद्धीवर जाऊ देत नाहीत, नाक्यावरून परत पाठवतात. आणि रस्ता इतका सरळ आहे की डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ रात्री पुण्याला जाणारी खासगी बस पेटली आणि २५ माणसं गेली. रात्री दोन ते पाच या वेळात मी गाडी थांबवतो. ड्रायव्हर कितीही म्हणाला, 'भाऊ, मले झोप नाही येत', तरी थांबवतो. उन्हाळ्यात निघण्याआधी टायर पाहून घ्या, मे महिन्यात त्या काँक्रीटवर जुनं टायर टिकत नाही.

"जुन्या रस्त्यानं गेलं तं?"

अमरावती, अकोला, मलकापूर, जळगाव, धुळे, नाशिक असा. टोल वाचेल म्हणून जातात, आणि वेळ घालवतात. या रस्त्यावरचा अमरावती-अकोला भाग जून २०२२ मध्ये जगभर गाजला: १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता, गिनीज विक्रम. विक्रमाआधी त्या खड्ड्यांतून आम्ही जितके तास काढले, त्यांची नोंद कोणी केली नाही.

शेगावला दर्शन घेऊन जायचं असेल तर हाच रस्ता.

"ट्रॅव्हल्स बरी का रेल्वे?"

पेशंट असेल तर रेल्वे. पाय पसरता येतात, संडास डब्यात आहे. स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये वरच्या बर्थवर म्हातारी माणसं चढवताना काय हाल होतात ते मी पाहिलं आहे. तरुण माणूस मुलाखतीला जात असेल आणि रेल्वेचं तिकीट नसेल तर ट्रॅव्हल्स चालेल, बारा तासांच्या आसपास घेते.

फाट्यावरून बसायचं असेल तर ड्रायव्हरचा मोबाइल नंबर संध्याकाळीच घ्या. मला एका ट्रॅव्हल्सवाल्यानं रात्री साडेनऊला 'दहा मिनिटात येतो' म्हणून सांगितलं आणि गाडी दुसऱ्या रस्त्यानं निघून गेली होती. पैसे परत मिळाले, एकवीस दिवसांनी.

"इमानानं किती येळ?"

हवेत दीड तास, नागपूरहून. घरून नागपूर विमानतळ तीन तास, तिथं दोन तास आधी, उतरल्यावर सामान आणि टॅक्सी दोन तास. आठ-साडेआठ तास होतात. समृद्धीनं स्वतःच्या गाडीत गेलेला माणूस तुमच्या मागून तास-दीड तासात पोचतो.

अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईला जोडलं गेलं. छोटं एटीआर विमान आहे, रोज नसतं. दिवस जुळले तर आपल्याला नागपूरपेक्षा सोयीचं. मुंबईकडे आता दोन विमानतळ आहेत, तिकिटावर नवी मुंबई लिहिलंय का जुनं, ते नीट वाचा. दोघांमध्ये चांगलं अंतर आहे.

"टाटा हॉस्पिटलले जाचं हाय. कुठं उतरू?"

दादरला. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, परत मागे यावं लागतं. दादरला पूर्वेकडे बाहेर पडा आणि टॅक्सीला 'परळ, टाटा' एवढंच सांगा. अंतर दोनेक किलोमीटर. पण आधी चिठ्ठीवर पाहा. काही पेशंटना खारघरला बोलावतात, तेही टाटाचंच केंद्र. खारघरला जायचं असेल तर दादरपर्यंत जाण्यात अर्थ नाही. ठाण्याला उतरून पनवेलची लोकल धरा.

तिकिटाबद्दल हे लक्षात ठेवा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाड्यात पूर्ण सूट आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ही सूट माझ्या कॉम्प्युटरवर मिळत नाही, स्टेशनच्या खिडकीवरच मिळते. सेंटरवाल्यानं 'मी करून देतो' म्हटलं तर निघून या, मी म्हटलं तरी.

पहिल्यांदाच जात असाल तर एक विचारतो, रागावू नका: नागपूरच्या जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं का? सगळ्या दुखण्यांना मुंबई लागत नाही. सतरा तासांचा प्रवास पेशंटच्या अंगावर निघतो, आणि सोबत आलेल्या माणसाचं वावर तिकडे ओस पडतं.

"म्हाताऱ्या माणसाले तिकीट माफ हाय ना?"

एसटीत आहे. ७५ वर्षांपुढे मोफत, ६५ ते ७५ अर्धं, आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना सरसकट अर्धं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आधार कार्ड दाखवून टीसीशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही.

"तिकीट कवा काढाव?"

गाडीच्या तारखेच्या ६० दिवस आधीपासून मिळतं. पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. दिवाळी, उन्हाळी सुट्ट्या आणि डिसेंबरचा पहिला आठवडा यासाठी साठाव्या दिवशीच सकाळी या.

तत्काळ आदल्या दिवशी: एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा तो मोबाइल घरी पोराकडे ठेवून माझ्याकडे येऊ नका. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि ते घेऊन स्लीपरमध्ये चढता येत नाही. आरएसी असेल तर चढा, अर्धी जागा पक्की.

"सहा डिसेंबरले चैत्यभूमीवर जाचं हाय."

चार तारखेला निघा. नागपूरकडून मध्य रेल्वे त्या दिवसांत विशेष गाड्या सोडते, पण धामणगावला पोचेपर्यंत जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. गावातली पाच-पंचवीस माणसं मिळून निघतात ते बरं, बायांना आणि लेकरांना मधे घेऊन बसता येतं. भाकरी, ठेचा, पाणी सोबत घ्या. दादरला पश्चिमेला बाहेर पडा आणि गर्दी जिकडे जाते तिकडे चाला, अर्ध्या तासात समुद्र. शिवाजी पार्कवर मंडपाची, पाण्याची सोय असते. परतीची गाडी सात तारखेची धरा, सहाच्या रात्री दादर स्टेशनवर चेंगरून घेऊ नका.

"पावसाळ्यात जाव का?"

जुलै-ऑगस्टमध्ये कोर्टाची तारीख, मुलाखत असं ठरलेलं काम असेल तर एक दिवस आधी पोचा. घाटात दरड पडते, नाहीतर कुर्ला-शीव भागात रुळावर पाणी येतं, आणि गाडी इगतपुरीला किंवा कल्याणला उभी राहते. आपल्याकडे ढग नसतो तेव्हा तिकडे कोसळत असतो. इथलं आभाळ पाहून निघू नका.

"आमच्याकून दुसरी राजधानी जवय हाय म्हणतात?"

खरं आहे. नागपूरहून रायपूर, भोपाळ आणि हैदराबाद या तिन्ही राजधान्या मुंबईपेक्षा जवळ आहेत, आणि यवतमाळ भागातून हैदराबाद तर मुंबईपेक्षा बरंच जवळ. आपली मात्र मुंबई. डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपूरला येतं, तेवढे दिवस मंत्रालयाची कामं जवळ येतात. अर्ज द्यायचा असेल तर तेव्हाचा मुहूर्त धरा.

"तिकडं सात वाजले तरी उजेड कसा असते?"

उन्हाळ्यात पोरांना नवल वाटतं. घड्याळ एकच, सूर्य वेगळा. मुंबई आपल्यापेक्षा सुमारे सव्वापाच अंश पश्चिमेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं दिवस तिकडे उशिरा उगवतो आणि उशिरा बुडतो.

"बुलेट ट्रेन कवा येईन?"

नागपूर-मुंबईचा प्रस्ताव आहे. रूळ नाहीत. पुढचा प्रश्न.

"वापस येताना धामणगाव निंघून गेलं तं?"

निघून जातं. विदर्भ सकाळी येते, तिचं भ्या नाही. पण दुपारी सुटणारी सेवाग्राम आपल्याकडे भर पहाटे पोचते, गाढ झोपेची वेळ. गजर बडनेऱ्याचा लावा, धामणगावचा नको. बडनेरा गेलं की चांदूर, आणि मग आपलं. सामान बडनेऱ्यालाच दाराशी आणा, थांबा मिनिट-दोन मिनिटांचा असतो. झोपेत पुढे गेलात तर पुलगाव किंवा वर्ध्याला उतरा, घाबरून चालत्या गाडीतून उडी मारू नका.

आणि पहाटे उतरल्यावर लगेच ऑटो करू नका. त्या वेळी एकच ऑटो उभा असतो आणि त्याला ते माहीत असतं. स्टेशनवर बसा, चहा घ्या. उजाडलं की पहिली एसटी मिळते.